अंजूच्या बावीस किडी

“निघाल्या! आणखी तीन निघाल्या!” चेल्यानं मडकं उचललं आणि महादेवाच्या देवळापुढची गर्दी एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढऱ्या, वळलेल्या किडी तरंगत होत्या. शिरूर अनंतपाळच्या बाजूचं हे गाव. इथं पोरगं पाचवीत गेलं की आईबापांना लातूरच्या शिकवण्यांची स्वप्नं पडायला लागतात. दंतेश्वर महाराजांनी ही नस बरोबर पकडली होती.

“दाताची कीड दातात थांबती व्हय?” महाराज माइकवर गरजले. “ती मेंदूत चढती! तिथं आधी पाढे खाती, मग इंग्रजी, शेवटाला गणित! पोरगं ढ नसतं माय, पोखरलेलं असतं!”

काय पण शोध! वर्षाराणी मॅडमचं डोकं सणकलं. गावच्या शाळेत पाचवीला शिकवायच्या त्या, आणि त्यांच्या वर्गातला शिवांश आज पुन्हा त्या रांगेत उभा होता. दिवाळीपर्यंत वर्गात पहिला असलेलं हे पोर आता खिचडी तशीच ठेवायचं, एका बाजूनं चावायचं, रात्री ठणक्यानं जागायचं आणि दिवसा बाकावर डुलक्या घ्यायचं. तोंडाला वास येतो म्हणून पोरं हसायची, तेव्हापासून मोठ्यानं वाचणंही बंद झालं होतं. शनिवारी त्याची नवोदयची परीक्षा होती आणि आज त्याचा गाल टम्म सुजलेला होता.

“आप्पा, आत्ताच्या आत्ता ह्याला लातूरला दाताच्या डॉक्टरकडं न्या,” त्या त्याच्या वडलांना, किराणा दुकानदार गुरुपादप्पांना म्हणाल्या. “अंगात ताप आहे त्याच्या!”

“दुधाचा दात हाय मॅडम, आपसूक पडंल. आन् महाराजांनी तीनदा धूर दिला की. दर वक्ताला कीड निघाली, पोरगं गुमान झोपलं.”

“कीड निघाली, तर चौथ्यांदा कशाला आणलंत?”

गुरुपादप्पांनी शिवांशला रांगेत एक पाऊल पुढं सरकवलं.

पुढं परातीत विटेवर तापलेला तवा होता, भोवती पाणी. चेला तव्यावर तूप सोडायचा, चिमूटभर ‘सिद्ध बीज’ टाकायचा आणि बुडाला भोक असलेलं मडकं त्यावर पालथं घालायचा. भोकात बसवलेल्या नळीतून लेकरानं धूर ओढायचा. मडकं उचललं की पाण्यात किडी हजर! पण महाराजांची हाव तेवढ्यानं भागत नव्हती. “ज्याचं लेकरू लातूरला शिकायला हाय, त्यानं त्याच्या नावानं बसावं! धूर इथं, कीड तिथली खलास!” आज्या धावल्या, मावश्या धावल्या.

मॅडम तडक शाळेशेजारच्या केवळाबाईंकडं गेल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. म्हातारी पोट धरून हसली. थोड्या वेळानं एका हातात डालगं आणि तोंडावर पदर धरून ती नळीपुढं येऊन बसली.

“कुणाच्या नावानं, माय?”

“आमच्या अंजूच्या.”

“अभ्यास कसा हाय पोरीचा?”

“काय सांगू महाराज, पुस्तक दिसलं की त्यावरच घाण करती.”

“वाटलंच!” केवळाबाईंनी पदराआडून धूर ओढला, महाराजांनी मडकं उचललं. “बावीस किडी! मेंदूच्या दारात पोचल्या हुत्या! आता अंजू डॉक्टर होणार!”

गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

“मग तिला आशीर्वाद बी द्या,” म्हणत केवळाबाईंनी डालगं उघडलं. तांबडी कोंबडी फडफडत बाहेर आली आणि थेट परातीशी जाऊन किडी टिपायला लागली. केवळाबाईंनी पदर काढून आ वासला. “कोंबडीला दात नसत्यात, आन् माझ्या बी तोंडात एक न्हाई. सांगा की महाराज, ह्या बावीस कुठून आल्या?”

लोक हसले, महाराज लालबुंद झाले. “थट्टा करता? कोप होईल!”

“होऊ द्या!” वर्षाराणींनी बियांची पुडी हिसकली. तवा तापलेलाच होता. तूप सोडलं, बी टाकली, मडकं पालथं घातलं. नळीला कुणाचंच तोंड नव्हतं, धूर वर आभाळात गेला. मडकं उचललं, तर पाण्यात पुन्हा तशाच किडी!

“ही रिंगणीची बी. तुमच्या बांधावर उगवते. तापली की फुटते आणि आतला कोंब वळून पाण्यात पडतो. कीड नाही, कोंब आहे तो! धुरानं घटकाभर बधिर वाटतं, म्हणून लेकरं झोपतात. आत दाढ सडत राहते, आणि तुम्ही टाळ्या वाजवता!”

महाराज जीपकडं पळाले. पोरांनी आधीच चाकांची हवा सोडली होती, म्हणून पोलीस येईपर्यंत ते आतच बसून राहिले.

गुरुपादप्पा मात्र त्या रिकाम्या नळीच्या किडी बघताच रांग सोडून शिवांशला घेऊन लातूरच्या गाडीत बसले होते. डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि ते भडकले. “दुधाचा दात? अहो, सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ आहे ही. आधी आला असतात तर भरून वाचवली असती. आता पू जबड्यात उतरलाय.” दाढ काढावी लागली. शनिवारी वर्गातली बाकीची पोरं पेपर लिहीत होती, तेव्हा शिवांशच्या हाताला सलाईन होतं.

“पुढच्या वर्षी बसंल ना मॅडम?” गुरुपादप्पांनी दवाखान्यात विचारलं.

“नाही आप्पा. ही परीक्षा एकदाच देता येते.”

सोमवारी शाळेत पालक जमले. कुणीतरी हळहळलं, “नशीब पोराचं, दुसरं काय.”

“नशिबाचं नाव काढू नका!” गुरुपादप्पा ताडकन उठले. “कीड बघायला मी तीनदा परातीत वाकलो. पोराच्या तोंडात एकदा बी वाकून बघितलं न्हाई. मॅडम सांगत हुत्या, मी ऐकलं न्हाई. माझ्या पोराची परीक्षा मी घालवली. तुमचं लेकरू मागं पडलं, जेवंना झालं, गप्प बसाया लागलं, तर त्याला ढ म्हणू नका आन् कुण्या महाराजाकडं नेऊ नका. आज घरी गेल्यावर त्याला उजेडात बसवा, तोंड उघडून बघा. दात काळा दिसला तर डॉक्टरकडं घेऊन जा. दुखायची वाट बघू नका.”

मग पुढच्या बाकावरच्या एका आईनं आपल्या पोरीची हनुवटी धरली आणि म्हणाली, “आ कर बघू.”