मशीनले इसार कोन देस?

मी शीतल, पिंप्राळ्याची. माझं ॲप आचाऱ्यांसाठी आहे. पंगतीला माणसं किती ते सांगा, ते वांगी, तेल, डाळ, बट्टीचं पीठ सगळं काढून देतं. मापं माझ्या वडिलांची, तोताराम आचाऱ्यांची; मी त्यांना आबा म्हणते. छोटी पंगत फुकट. लग्नाचा हिशोब हवा तर पैसे. आबांची हयात चुलाणापुढे गेली, तिचं चीज व्हावं हा माझा हट्ट. आबांना त्याचं कौतुक शून्य. मापं डोक्यात असतात, फोनात नाही, म्हणायचे.

आमच्याकडे इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातातच देतात. त्याशिवाय बोलणं पक्कं होत नाही. मी शहाणीही तेच करत होते. रोख घ्यायची आणि लग्नाच्या हिशोबाचं ॲपमधलं कुलूप उघडायचा आकडा फोनवर सांगायचा. ॲप स्टोअरने माझं ॲपच काढून टाकलं. ॲपमधली सोय विकायची तर पैसे आमच्या मार्गानेच घ्या, असा त्यांचा नियम. वर त्यातून वाटाही कापणार. चिडले खूप, पण पाण्यात राहून माशाशी वैर करून चालत नाही. बदल केले, ॲप परत आलं. पुन्हा चूक झाली तर कायमचं बंद, ही ताकीदही आली.

आता खरेदी कोणी करेना. म्हणून आबांसोबत धुळ्याला एका लग्नाच्या मांडवात गेले. तिथले मुख्य आचारी झुलालनाना. त्यांनी घेतलं की बाकीचे घेतात.

नानांनी ॲप पाहिलं, मान डोलावली आणि नोट पुढे केली. मी हात मागेच ठेवले.

"नाना, हे घेतलं तर ॲप बंद होईल. पैसे फोनवर, ॲपमधूनच द्या."

"मशीनले इसार कोन देस?" नानांचा चेहरा उतरला. "मना हात पाछा करी राहिनी का तू?"

सगळे आमच्याकडे बघत होते. इसार नाकारला म्हणजे माणूस नाकारला. मला रडू आलं, तरी हात पुढे केला नाही.

आबा तिथे मदतीला बसून कणीक मळत होते. उपरण्याला हात पुसून त्यांनी स्वतःचा फोन काढला. "कोठे दाबानं?"

मी दाखवलं. त्यांनी दाबलं. पैसे गेल्याचा निरोप आला, तो त्यांनी नानांपुढे धरला.

"तोताराम, तुले काय गरज? बठ्ठा माप तुनाच शेतस."

"माप मना शेतस," आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पन धंदा मनी पोरना शे."

नानांनी नोट खिशात ठेवली, स्वतःचा फोन काढला आणि चष्मा चढवला.

"माले बी दखाड."