चिनहटला चालते, घरी अडते

गाडी लखनऊच्या टोकाला, चिनहटच्या गॅरेजात सुरू होते आणि इकडे महानगर कॉलनीत आमच्या दारी होत नाही, याचा अर्थ मी मनाशी लावून टाकला होता : रामदुलारे मिस्त्री मला फसवतो आहे.

गाडी बाबांची, शहाऐंशी सालची. ते इथे हवाई दलात होते. लखनऊला कीर्तनकार आले की बाबा त्यांना याच गाडीतून आणत. बाबांच्या मागे बारा वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. रामदुलारेनं दोन वर्षं खपून ती उभी केली. आता इथल्या मराठी मंडळात कार्तिकातली कीर्तनं होती आणि "बुवांना चारबाग स्टेशनवरून मीच आणीन" असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. बुवा सोमवारी सकाळी येणार. आज रविवार. आणि किल्ली फिरवली की कधी इंजिन घरघरायचं, कधी नुसतं टक.

"अगं, टॅक्सी बोलव," मधुसूदन म्हणाले. हे रेल्वेत पूल बांधायचे, मोटारीतलं काही विचारू नकोस म्हणतात.

"बाबांनी एकाही बुवांना टॅक्सीतून आणलं नाही."

"मग विचार तुझ्या त्या लाडक्या मिस्त्रीला!"

काय विचारणार? दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यानं नवा स्टार्टर बसवला आणि पुढच्याच आठवड्यात हे सुरू झालं. तीनदा कशीबशी चिनहटला नेली. तिन्ही वेळा त्यानं आपली मोठी बॅटरी आणली, तिच्या तारांचे चिमटे लावले, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. "देखिए दीदी, मक्खन!" त्याच्याकडे मक्खन, माझ्याकडे टक. नवा स्टार्टर काढून जुना तर बसवत नाही ना? तिसऱ्या खेपेस मी गुपचूप स्टार्टरवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. घरी येऊन टॉर्चनं पाहिलं. ठिपका जागच्या जागी. तरी मन म्हणालं, आतलं काही काढलं असेल.

पूर्वरंगात बुवा संशयावर तासभर बोलतात, आपण माना डोलावतो, आणि सकाळी दूधवाल्याच्या मापात डोकावतो. मी त्यातलीच.

रविवारी सकाळी फोन लावला. "मिस्त्रीजी, आज आप घर आइए. और अपनी बैटरी मत लाइए."

"अच्छा," तो म्हणाला. "तो ये बात है."

आला तो चहासुद्धा नको म्हणाला. बॉनेट उघडलं. "चाबी घुमाइए." टक. हेडलाइट लावायला सांगितले, ते लख्ख लागले. "बैटरी में दम है. फिर घुमाइए, पकड़े रहिए." तो तारांवरून हात फिरवत होता. एकदम हात मागे घेतला.

"दीदी, इधर आइए. छूकर देखिए."

अॅक्सिलरेटरची केबल. चांगलीच तापली होती.

"इसका काम पैडल का खिंचाव पहुँचाना है. ये काहे गरम हुई?" मग स्वतःच म्हणाला, "करंट को इंजन से लौटने का रास्ता नहीं मिल रहा, तो जो तार मिला उसी से भाग रहा है. हमारी बैटरी का काला चिमटा सीधे इंजन पे लगता था, इसलिए उधर चल जाती थी. गलती हमारी भी है. उधर ये दिखता कैसे?"

इंजिन आणि बॉडीला जोडणारी एक चपटी पट्टी असते, करंट परतायची वाट तीच. तिचा बोल्ट त्यानं सोडवला. खाली केशरी, चिकट थर. त्यानं बोटावर घेऊन उजेडात धरला.

"ये किसने लगाया?"

मधुसूदन माझ्याकडे बघायला लागले.

शेंदूर. तेलात कालवलेला. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो. मी त्या दिवशी ही पट्टी सोडवून, पॉलिशपेपरनं दोन्हीकडचं लोखंड चांदीसारखं केलं होतं. इतकं निर्मळ दिसलं की शेंदराचं पहिलं बोट तिथेच टेकवलं. भक्तीत कमी नको म्हणून जरा जास्तच. हात जोडले आणि वरून बोल्ट आवळला.

"मैंने," मी म्हटलं. "पूजा में." गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण राहवेना. "और मिस्त्रीजी, स्टार्टर पे मैंने निशान लगाया था. मुझे लगा, आप बदल देते हैं."

तो कापडानं बोट पुसत राहिला. "लाल टीका? हमने देखा था. सोचा, वो भी पूजा होगी."

मधुसूदन खो खो हसत सुटले. मला तोंड कुठे लपवू झालं.

त्यानं शेंदूर खरवडून काढला, बोल्ट आवळला, आणि बोटाला राहिलेला बॉनेटवर टेकवला. "पूजा यहाँ कीजिए, दीदी. भगवान को यहाँ से भी दिखता है." मी किल्ली फिरवली. टक नाही, घरघर. पाचदा बंद केली, पाचदा सुरू झाली. मग त्यानं चहा घेतला.

"कल शाम कीर्तन में आइए," मी म्हटलं.

"मराठी हमें कहाँ समझ आएगी?"

"झांज तो समझ आएगी."

सोमवारी चारबागला गाडी लावली. बुवांची ट्रेन यायला वीस मिनिटं होती. मधुसूदन हळूच म्हणाले, "इंजिन चालूच ठेव हं. उगाच परीक्षा नको."

मी इंजिन बंद केलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि बुवांना आणायला फलाटावर गेले.