काट्यावर न दिसलेली आग

टक्! दुपारच्या सामसूम पडवीत माझी दांडी आपटली आणि राखेने भांडी घासणारी शांतीबाई दचकली.

मित्रांनो, मी धान तोलायचा एक जुना काटा आहे. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत, या घरी मी १९९९ साली आलो. तेव्हा माझा हिरवा रंग चकाके. कापणीनंतर धानाचे कट्टे, चाळीस-चाळीस किलोची पोती, माझ्यावर चढत. "आपला काटा खोटं नाही बोलत," घरधनी मनीराम सांगत आणि मी फुगून जाई.

मग भूमेश्वरी सून होऊन आली. लेक उर्वशी झाली आणि भूमेश्वरीचे अंग सुटले. सासू शांतीबाई तिला दर सोमवारी माझ्यावर उभी करू लागली.

"दोन कट्ट्यांच्या वर गेली व! भात खाऊन राहिली का कट्टाच?"

शेजारणी हसत. भूमेश्वरीही हसे. तिच्या पायांची बोटे मात्र माझ्या पाटीवर आवळली जात. ते मलाच कळे.

ती जेवण टाळू लागली. भूक मारायला दातांवर तंबाखूचा गुडाखू घासायची. हिरड्या सुजल्या, रक्त येई, पण तिने कुणाला सांगितले नाही. वजन काही हलेना.

"चोरून खाते," शांतीबाई म्हणाली.

मी खोटे बोललो नाही, मित्रांनो. पण अर्धेच बोललो.

एका सोमवारी ती माझ्यावरच कोसळली. पाच दिवसांनी तिचा नवरा टिकेश दवाखान्यातून आला, तिला शेवटचे घरी घेऊन.

तेराव्या दिवशी तेरवी झाल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि आईला, शांतीबाईला, म्हणाला, "माय, डॉक्टर म्हणे, जाड्या माणसाच्या चरबीतच बारीक आग राहते, आतली सूज. तिच्या त हिरड्याबी सडल्या होत्या, जहर रक्तात गेलं, त्यातच गेली ती. अशा आगीनं तणावाचा हार्मोन वाढते म्हणे. मंग साखर चढते, वजन उतरत नाही. वरून उपास, वरून तुझे टोमणे. चोरून नव्हती खात ती."

त्या दिवसापासून माझ्यावर कुणी काही ठेवले नाही. मी गंजलो.

मित्रांनो, काट्याने धान मोजावे. माणसाला आधी विचारावे, तुझे कुठे दुखते?

आणि आज ही टक्! सात वर्षांची उर्वशी माझ्यावर चढली होती. माझी दांडी हलायची थांबली तशी तिने आजीकडे पाहिले. शांतीबाईचे राखेचे हात तसेच थांबले.

"आजी, मी किती भरली म्हणजे तू मलेबी हासशील?"