मंगळवारचं ताट

माईंनी ताटावरचा क्रोशाचा रुमाल उचलला आणि ताट देवश्रीसमोर धरलं. पितळी ताटाच्या मधोमध निळ्या झाकणाची डबी होती. झाकण घट्ट, बाहेरून पुसलेली, लेबल पाहणाऱ्याच्या तोंडाकडे. सतरा मंगळवार हे ताट असंच बैठकीत येत होतं, हळदीकुंकवाला अत्तरदाणी फिरावी तसं. पहिल्या मंगळवारी देवश्रीला हसू आवरणं जड गेलं होतं, कारण डबीत माईंच्या नातीची, तीन वर्षांच्या अवंतीची शी होती.

आज तिने डबी उचलली नाही.

"राहू द्या ना माई. आधी थोडं बोलायचंय."

माईंनी रुमाल पुन्हा पसरला आणि ताट टीपॉयवर ठेवलं. अण्णांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. डबीचा विषय निघाला की ते पत्राआड जात. निवृत्त हेडमास्तर, आजोबा धार संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर. ‘शी’ हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. ते ‘ती वस्तू’ म्हणत.

देवश्री देवासची. वडील साताऱ्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले ते तिथलेच झाले. देवास आणि धार जिल्ह्यांतल्या पाच वर्षांखालच्या दीडशे मुलांच्या एका अभ्यासात ती नमुने गोळा करण्याचं काम करी. एंटेरोव्हायरस हे पोटात मुक्काम करणारे विषाणू. मुलांच्या हातापायांवर, तोंडात फोड आणतात; कधी नुसता ताप, कधी काहीच नाही. फोड जातात, पोर खेळायला लागतं, पण विषाणू शीतून बाहेर पडत राहतो. किती दिवस, हे शोधायचं होतं. त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येक मुलाची एक डबी हवी होती, आणि पोरं काही आठवड्याच्या हिशेबाने बसत नाहीत. उदयनगरला लोक तिची स्कूटी पाहून दार ओढून घेत. मनावर गावच्या आया हसून म्हणत, "दीदी, अभी तो नहीं की." तिरल्याच्या एका आजीने या वस्तूला शहरात काय भाव मिळतो याची चौकशी केली होती. देवश्रीच्या वहीत ‘नमुना मिळाला नाही’ हे वाक्य इतक्यांदा होतं की तिने त्याचा शिक्काच करून घेतला होता.

धारच्या कारखानिसांच्या, म्हणजे माई-अण्णांच्या घरच्या, पानावर तो शिक्का एकदाही उमटला नव्हता. अवंतीचे आईवडील दोघंही पीथमपूरला नोकरीला, म्हणून मुलगी आजीआजोबांकडे. श्रावणात तिला फोड आले, दहा दिवसांत गेले. त्यानंतर आलेली प्रत्येक डबी पॉझिटिव्ह निघाली होती. सगळ्यांत एकच विषाणू, सतरा आठवडे. बरं झालेल्या मुलाच्या पोटात तो पाचसहा आठवडे राहिला तरी पुष्कळ.

अभ्यासाचे प्रमुख डॉ. पियूष व्यास इंदूरच्या प्रयोगशाळेत बसत. कागद पाहून ते खुर्चीतून उठले होते. शुक्रवारी भोपाळला बैठक होती. तिथे हे प्रकरण देवश्रीनेच मांडावं असं त्यांनी ठरवलं. मार्चमध्ये तिची नेमणूक संपत होती, आणि अशा कामानंतर ती वाढवून घेणं सोपं जाईल असंही ते म्हणाले. देवश्रीने हे फक्त वडिलांना सांगितलं. वडिलांनी ते कॉलनीत सांगितलं, आणि दोन दिवसांत देवासमध्ये अर्ध्या लोकांना ठाऊक झालं की भोसल्यांच्या पोरीने नवा व्हायरस काढला.

मात्र भोपाळच्या आधी एक काम उरलं होतं, आणि ते गोड नव्हतं.

देवश्रीने ते जमेल तितक्या सावकाश सांगितलं. इतके आठवडे विषाणू हटत नाही म्हणजे मुलीच्या अंगातली ताकदच कमी असू शकते. कदाचित काही नसेल. पण तपासायला हवं. अवंतीला इंदूरला न्यायचं, रक्त काढायचं. एकदा नाही, तीनदा. तिच्या आईबाबांची सही लागेल, पण आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं.

कोपऱ्यात अवंती उशीच्या अभ्र्यात मांजराचं पिल्लू घालण्याच्या खटपटीत होती. पिल्लू बाहेर येई, ती पुन्हा घाली. अंगातली ताकद कमी असल्याची खूण पिल्लाला तरी दिसत नव्हती.

"त्या दिवाळीच्या मंगळवारचं काय निघालं?" अण्णांनी पत्राआडून विचारलं.

हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. नातीची काळजी, दुसरं काय, असं समजून देवश्री दर वेळी म्हणे की रिपोर्ट आले की सांगते. आताही ती तेच म्हणाली. खरं तर तो रिपोर्ट तिच्या पिशवीत होता, पण तो अवंतीच्या आईबाबांच्याच हाती द्यायचा होता.

माई उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही. मग त्या बाहेर आल्या, बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"रक्त कुणाचं काढायचं म्हणालीस?"

"अवंतीचं."

"तीनदा?"

"हो."

माईंनी ताटाकडे पाहिलं.

"हा आजचा चिंटूच्या धाकट्या भावाचा आहे," त्या म्हणाल्या.

देवश्रीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चिंटू समोरच्या घरातला.

"आजचा?"

"आजचा. गेल्या मंगळवारचाही."

पुढचं सगळं माईंनी एका दमात सांगितलं. पहिले चार मंगळवार अवंतीचेच होते, देवाशपथ. पाचव्या मंगळवारी पोरगी तासभर बसवूनही ढिम्म. देवश्री देवासहून पहाटेच्या बसने निघालेली, इंदूरला गाडी बदलून धारला पोचणारी, हातात ती बर्फाची पेटी. या घरातून सरकारी कामाचं माणूस रिकाम्या हातांनी परत गेल्याचं माईंच्या सासूबाईंच्या वेळेपासून कुणाला आठवत नव्हतं. माई डबी घेऊन समोर गेल्या. चिंटूची आई म्हणाली, "ले जाओ माई, इसमें पूछना क्या." पुढे अवंती महिनाभर ग्वाल्हेरला आजोळी राहिली; देवश्रीने कधी विचारलं नाही, माईंनी सांगितलं नाही. तेव्हा मागच्या गल्लीतला आयुष होता, कोपऱ्यावरची अपूर्वा होती. गल्ली चांगली आहे, कुणी नाही म्हणालं नाही.

"पण माई, सगळे पॉझिटिव्ह कसे काय निघाले?"

"निघणारच," माई म्हणाल्या. यात न कळण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता. "ज्याला फोड आले असतील त्याचंच मी घेत होते. तुम्ही आजारावर काम करता. ठणठणीत पोराचं देऊन तुझी खेप फुकट घालवायची का?"

देवश्रीने वही उघडली. दर नमुन्यासोबत एक पान भरायचं होतं, आणि त्यात चौथा प्रश्न असा होता: नमुना याच बालकाचा असल्याची विचारून खात्री केली का? कारखानिसांच्या सतराही पानांवर ‘हो’पुढे खूण होती. एकसारख्या, नीटनेटक्या, तिच्या हातच्या सतरा खुणा. तिने एकदाही विचारलं नव्हतं. पितळी ताट, क्रोशाचा रुमाल. असल्या डबीला ‘ही कुणाची’ म्हणून विचारणार तरी कसं?

दोन वाटा होत्या. रक्ताचा विषय सोडून द्यायचा, शुक्रवारी सतरा आठवडे म्हणून सांगायचं आणि मार्चची वाट पाहायची. भोपाळहून उठून चिंटूच्या आईला विचारायला कोण येणार होतं? पण व्यास सर रक्ताचा विषय सोडणारे नव्हते. आणि सोडला असता तरी एका धडधाकट पोरीच्या नावावर नसलेलं दुखणं कायमचं लिहिलं गेलं असतं. तिने अवंतीकडे पाहिलं. पिल्लू एकदाचं अभ्र्यात राहिलं होतं.

तिने दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन फोन लावला. दरवाजा उघडा होता, त्यामुळे आत सगळं ऐकू जात होतं, आणि आतल्या दोघांनीही ऐकत नसल्याचा आव आणला होता. तिने क्रमाने सांगितलं: ताट, चिंटू, आयुष, अपूर्वा.

"टिक किसने लगाए थे?"

"मैंने, सर. बिना पूछे."

"सत्रह?"

"सत्रह."

मग व्यास सर म्हणाले की ज्या मुलांच्या आयांची सही नाही त्यांचे नमुने आपण मोजू शकत नाही. "देवश्रीजी, ये डाटा नहीं रहा, किस्सा हो गया." शुक्रवारचं तुमचं बोलणं काढतो. मार्चचं मार्चमध्ये पाहू. ते फोन ठेवतील असं वाटत असताना त्यांनी विचारलं, कोणत्या मंगळवारी कुणाचा नमुना होता, हे आजींना आठवतं का?

देवश्रीने दारातून आत विचारलं.

माईंना हा प्रश्न थोडा लागला. आठवायचं कशाला? दफ्तराचं घर होतं ते. त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. दर मंगळवारच्या चौकोनात, एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी, बारीक नेटक्या अक्षरात मुलाचं नाव होतं, आणि नावाखाली फोड आल्याची तारीख.

आधी अवंती. मग चिंटू. नऊ दिवसांनी फोड. मग आयुष, मग अपूर्वा, मग चिंटूचा धाकटा भाऊ. एका गल्लीतून एक विषाणू दारोदार कसा फिरला, कोणत्या घरातून कोणत्या घरात, केव्हा, ते सगळं तिथे होतं. अभ्यासाच्या दीडशे घरांमध्ये असं काही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. देवश्रीने फोनवर ते वर्णन केलं. व्यास सरांनी तारखा पुन्हा एकदा वाचायला लावल्या.

"फोटो भेजो," ते म्हणाले. "और सब माँओं के दस्तख़त का सोचो. नए सिरे से."

तिने कॅलेंडर टीपॉयवर, ताटाच्या शेजारी पसरलं आणि महिन्यामागून महिना फोटो काढू लागली. शाळा हिंदीत झालेली. मराठी तिला बोलता येई, लिपीही तीच, पण मराठी वाचायची सवय नसल्याने अक्षरावर बोट ठेवावं लागे. तिने बोट ठेवूनच नावं वाचली, एकही चुकू नये म्हणून मोठ्याने. माई मान डोलावत होत्या. दिवाळीच्या मंगळवारी बोट थांबलं. त्या चौकोनात नाव नव्हतं.

"ह्यां-चा," देवश्रीने वाचलं. "ह्यांचा. मतलब? कुणाचा?"

माई म्हणाल्या, दूध उतू जाईल. आणि आत गेल्या.

देवश्रीला दुधाचा वास आला नव्हता. तिने चौकोन पुन्हा वाचला. माई लग्न होऊन आल्यापासून एका माणसाचं नाव घेत नव्हत्या, आणि लिहिणंही घेण्यातच धरत असाव्यात. दिवाळीत गल्लीतली सगळी पोरं आपापल्या आजोळी गेली असणार. मंगळवार आला असणार. आणि देवश्री तर देवासहून निघालेलीच.

वर्तमानपत्र हललं नव्हतं, पण गेला पाऊण तास त्याचं पानही उलटलं नव्हतं.

"गल्लीत कुणी नव्हतं," पत्राआडून आवाज आला. "घरची अब्रू होती."

"हो अण्णा."

"मग. त्या वस्तूचं काय निघालं?"

देवश्रीने पिशवीतून कागद काढला. आता तो द्यायला हरकत नव्हती. खरं तर ज्याचा होता त्याला तो आता पहिल्यांदाच मिळत होता.

"पॉझिटिव्ह. अवंतीचाच व्हायरस. तिच्याकडून, नाहीतर चिंटूकडून आला असेल. मोठ्यांना सहसा काही होत नाही, कधीकधी तोंड येतं फक्त. आता सगळं ठीक आहे तुमचं."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"तोंड येतं?"

"हो. आतून फोड. तिखट लागलं की झोंबतात."

अण्णा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्यावर नाव अवंती, वय तीन वर्षे दोन महिने असं छापलेलं होतं. दिवाळीत या घरात काय झालं होतं ते देवश्रीला ठाऊक होतं, कारण माईंनी ते तिला पोहे देताना दर मंगळवारी सांगितलं होतं. अण्णांनी पहिलाच घास घेऊन ताटली सारली होती आणि पाहुण्यांदेखत म्हटलं होतं की चाळीस वर्षांत असा तिखटजाळ चिवडा खाल्ला नाही, माईंच्या हाताचा अंदाज गेला. माईंनी उरलेला डबाभर चिवडा गल्लीत वाटून टाकला होता. गल्लीने तो मिटक्या मारत संपवला होता. त्यानंतर दीड महिना या घरात चिवडा झाला नव्हता, आणि शेव घालताना माई अण्णांची वाटी मुद्दाम वगळत.

देवश्रीने डबी ताटातच राहू दिली. वहीचं अठरावं पान उघडलं, पिशवीच्या तळातून शिक्का काढला आणि कारखानिसांच्या पानावर पहिल्यांदा उमटवला. बर्फाची पेटी रिकामीच बंद केली. माई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांची नजर त्या पेटीवर होती, आणि तिथून ती हलत नव्हती.

"येते माई. पुढच्या मंगळवारी. आधी चिंटूच्या आईची सही घ्यायची."

"अशीच जाणार?" माई म्हणाल्या.

अण्णांनी रिपोर्टाची चौघडी घालून खिशात ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहत, कुणालाच उद्देशून नाही अशा बेताने ते म्हणाले,

"पुढच्या मंगळवारी ही येईल तेव्हा चिवडा असावा घरात. दिवाळीला केला होता तसाच."