कडुलिंबाजवळचा वळसा

कडूबाईच्या कर्जतच्या शेतात बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर आला, तेव्हा त्याला बघायला जमलेली माणसं तिच्या लग्नालाही जमली नव्हती. ट्रॅक्टरला चार कॅमेरे होते, टपावर लेझरने अंतर मोजणारा डबा गरगर फिरत होता, उपग्रहाशी बोलणारी अँटेना होती आणि सीटखाली संगणक. सीटवर तेवढं कुणी नव्हतं.

शेतातल्या ट्रॅक्टरच्या सीटवर एकवीस वर्षं छगन बसत आला होता. आज तो बांधावर उकिडवा बसला होता. कडूबाईचा मुलगा अजिनाथ पुण्याची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी शेती सुधारायला आला होता. शेती अजून सुधारायची होती. त्याने छगनला सांगून टाकलं होतं, "सोमवारी मशीन नीट चाललं, की मंगळवारपासून तू मोकळा." मोकळा म्हणजे ऊसतोडीच्या टोळीत. पन्नाशीच्या माणसाच्या हातात कोयता.

सून आरती पूजेचं ताट घेऊन आली, तसा कंपनीचा इंजिनीअर वैजनाथ धावला. "वहिनी, कॅमेऱ्याला कुंकू नको! आंधळा होईल तो."

"मग लावू कुठं?"

"चाकाला लावा."

म्हणजे बघणाऱ्याला सोडून तुडवणाऱ्याची पूजा झाली.

वैजनाथने टॅबवर शेताचा नकाशा दाखवला. मागच्या आठवड्यात त्याने छगनलाच शेताभोवती एक फेरी मारायला लावली होती. त्या फेरीवरून मशीन वाट शिकलं होतं. कडूबाईने चष्मा पुसून निळ्या रेघा पाहिल्या.

"लिंबाजवळचा वळसा कुठं गेला रं?"

"तो होय? ड्रायव्हरची लाइन तिथे वाकडी आली होती, आजी. मी बोटाने सरळ केली."

"छगन एकवीस वर्सं तितनं वाकडाच जातो."

"म्हणून तर मशीन आणलं," अजिनाथ म्हणाला. लोक हसले.

"आरं, तिथं हीर हुती. तू पोटात हुतास तवा तुझ्या बापानं बुजवली. पावसाळा सरला की अजून भुई खचती."

"आजी, जमीन बोटभर खाली-वर असली तरी सेन्सरला कळतं," वैजनाथ म्हणाला. "सपाट आहे."

"वरनं सपाटच दिसती. आमच्या घरातली समदी मानसंबी वरनं सपाटच दिसत्यात."

"आई, जुनं उकरू नकोस आता."

त्या विहिरीचं पाणी इतकं गोड होतं, की तुरीची डाळ एका उकळीत फुटायची. ती आटली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, सहादेवने, तिच्यात दगडगोटे लोटले, गाडीचं मोडकं चाक टाकलं, आणि शेवटची मातीची पाटी कडूबाईने आपल्या हाताने ओतली होती. सेन्सरला हे कोण सांगणार?

ती छगनकडे वळली. "तुला इचारलं न्हाई का रं कुनी?"

"इचारलं की, काकू. म्हनले, तुला सरळ चालवता येत न्हाई का? म्हनलं, न्हाई येत."

ट्रॅक्टर निघाला. मागे नांगराची दोन तासं दोरी लावल्यासारखी सरळ पडली. मधे कोंबडी आली, तर तो अदबीने थांबला. टाळ्या पडल्या. छगन असता तर कोंबडीच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. तो आता मान खाली घालून माती उकरत होता.

तिसरं तास ओढत ट्रॅक्टर लिंबाजवळ पोचला आणि कुंकू लावलेलं मागचं चाक धप्पकन भुईत गेलं. तोंड वर उचललं गेलं, चारी कॅमेरे आभाळाकडे बघू लागले. वैजनाथच्या हातातल्या टॅबवर हिरवी अक्षरं उमटली : समोर अडथळा नाही. मार्ग मोकळा. मार्ग मोकळा म्हणून चाक जोरात फिरलं आणि आणखी खोल गेलं.

"छगन, जुना ट्रॅक्टर आण! ओढून काढ ह्याला!" अजिनाथ ओरडला.

छगन उठला, पण कडूबाईने हात आडवा केला. "थांब. आदी ह्यो सांगंल, उद्यापासनं तू मोकळा हायेस का न्हाई."

अजिनाथने भोवती पाहिलं. तीसेक मोबाईल त्याच्याकडे रोखलेले होते.

"ये उद्या," तो पुटपुटला.

"लोकांस्नी ऐकू गेलं न्हाई."

"ये म्हटलं ना उद्या! आणि परवाही ये!"

छगनने जुना ट्रॅक्टर चालू केला आणि लिंबाला वळसा घालूनच आणला. वैजनाथ टॅबवर बोटाने पुसलेला वळसा पुन्हा काढत होता.

"आंदाजानं काढू नगंस," कडूबाई म्हणाली. "छगनला इचार. दुसरी हीर लिंबाच्या पल्याड हाय."