अमावस्येची चाचणी

मुहूर्त ठरला होता, हारही आले होते, फक्त रोहिणीताईंचा होकार बाकी होता. पतसंस्थेच्या बीडच्या मुख्य कार्यालयात संगणक आणि शाखांच्या लाइनी त्या सांभाळत. यापुढे शाखांशी बोलणं इंटरनेटवरून होणार होतं. ताईंनी हो म्हटलं की जुन्या फोनच्या तारा कापायच्या, असं अध्यक्ष अमरसिंहांनी ठरवलं होतं.

"तलवाडा, धर्मापुरी, नांदूरघाट, सगळीकडं आवाज खणखणीत," अमरसिंह म्हणाले. "आता काहून अडवता?"

"चाचणी कधी घेतली, साहेब?"

"अमावस्येला. मीच सांगितलं. त्या दिवशी शाखेत कोणी फिरकत न्हाई, पोरं मोकळी असतात."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अमावस्येला कोण सोनं गहाण ठेवायला येतं? इंटरनेटची लाइन रिकामीच असणार. एरवी खात्यांचे हिशेब, दागिन्यांचे फोटो, कॅमेऱ्यांची चित्रं, सगळं त्याच लाइनवरून येतं. आवाजालाही त्याच गर्दीतून वाट काढायची होती.

"उद्या नांदूरघाटचा बाजार. पहिला फोन तिथंच लावा, भर दुपारी."

"आन् आवाज नीट आला तर? धर्मापुरीला बदली घ्याल?"

"घेईन. पण आला नाही तर तार कापू देणार नाही."

"बघू की," अमरसिंह हसले.

ताईंना ट्रंक कॉलचे दिवस आठवले. तलवाड्याचा कॉल लागला की पंखे बंद करून सगळं ऑफिस गप्प बसायचं. घसा फाटेस्तोवर ओरडावं लागे, पण निरोप पोचल्याशिवाय कोणी फोन खाली ठेवत नसे.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर नारळ फुटला. अमरसिंहांनी नवा फोन उचलून नांदूरघाटच्या शाखाधिकारी छबुबाईंना लावला.

"बोला, छबुबाई."

"सायेब... बाई बस... सोनं... मंजु..."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग एकमेकांकडे पाहून थांबवल्या. ताईंच्या संगणकाच्या पडद्यावर नांदूरघाटच्या लाइनवरची गर्दी दाखवणारी रेघ माथ्याला टेकली होती.

अमरसिंह ताईंच्या कानाशी आले. "शाखेतली कामं जरा थांबवायला सांगा."

"बाजारच्या दिवशी? बाजार उठवायलाही सांगू का?"

तेवढ्यात कोपऱ्यातला जुना फोन वाजला. ताईंनी उचलला. शाखेतला गलबला ऐकू येत होता, आणि त्यावरून छबुबाईंचा आवाज.

"ताई, नव्या फोनवर सायबांचं कायबी कळंना. एक बाई कवाची बसलीय, पोरगं दवाखान्यात हाय तिचं. सायबांना तिच्या सोन्यावरच्या कर्जाला मंजुरी द्यायला सांगा की."

ताईंनी फोन अमरसिंहांपुढे धरला. पाहुणे बघत होते. अमरसिंहांनी घेतला, विचारलं, मंजुरी दिली.

"इंटरनेटच्या लाइनची क्षमता वाढवून घ्या," ताई म्हणाल्या. "मग बाजारच्याच दिवशी मोजीन. तोवर तार राहील."

"अध्यक्ष मी हाय का तुमी?"

"तुम्हीच. म्हणून तर मंजुरी तुम्हाला द्यायला लावली."

तार कापायला आलेला माणूस दारात ताटकळत उभा होता. ताईंनी त्याच्यासाठी चहा सांगितला, आणि त्याची पक्कड आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं.