बारावा चिमटा

पाकीट उघडलं गेलं होतं, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. चौकशी अडली होती ती का उघडलं यावर.

रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागाचं काम ठरलेलं असतं. शस्त्रक्रियेची अवजारं धुवायची, वाळवायची, यादीप्रमाणे मोजून ट्रेमध्ये मांडायची. एकीने मोजायचं, दुसरीने बघून सही करायची. मग दुहेरी कापडात बांधून वर पट्टी चिकटवायची आणि पाकीट वाफेच्या यंत्रात घालायचं. वाफ लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. त्यानंतर ते पाकीट उघडायचं थेट ऑपरेशनच्या टेबलाशी. मधे कोणी उघडलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

धाकटीने ते मधे उघडलं होतं. दोन बहिणींतली लहान म्हणून घरात ती धाकटी. पस्तिशी उलटली तरी नाव सुटलं नव्हतं, आणि नऊ वर्षांच्या नोकरीत ते विभागातही येऊन पोचलं होतं. त्या मंगळवारी तिने बारा चिमटे मोजले, जोडीदारणीने सही केली, पाकीट यंत्रातून बाहेर आलं. फळीवर ठेवताना तिला वाटलं, अकराच होते. तिने पट्टी नखाने अलगद सोडवली आणि कापड उलगडलं. बारा होते. तिने पुन्हा बांधलं आणि तीच पट्टी दाबून बसवली. शंकेपायी त्या आठवड्यात तिने तीन पाकिटं पुन्हा धुवायला पाठवली होती. चौथं पाठवायची तिला लाज वाटली.

थिएटरमधल्या नर्सला पट्टीचं टोक सुरकुतलेलं दिसलं. तिने पाकीट घेतलं नाही. दुसरा ट्रे यायला अठ्ठावीस मिनिटं लागली. पेशंटला काही झालं नाही, पण भूल दिलेला माणूस तेवढा वेळ टेबलावर नुसता पडून होता.

विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, त्यांनी तिला दार लावून समोर बसवलं.

"मोजायला उघडलंस?"

"हो."

"आधी मोजले नव्हतेस?"

"मोजले होते."

"सही होती?"

"होती, सिस्टर."

"मग? नऊ वर्षांत बारा मोजता येईनासे झाले?"

सिस्टरांनी अहवालात 'हलगर्जीपणा' असा शब्द लिहिला आणि पेन तिथेच थांबवलं. टेबलावरचे तिचे हात त्यांना दिसले होते. बोटांची पेरं धुऊन धुऊन चिरली होती.

"हे कधीपासून?"

"थोडं आधीपासून होतं. आई गेल्यावर वाढलं."

"हलगर्जी बाईचे हात असे नसतात." त्यांनी कागद खणात टाकला. "तीन आठवडे मी हा पुढे पाठवत नाही. डॉक्टरकडे जा. आजार असेल तर लेखी आण, आणि जुना आहे हे त्यात यायला हवं. नाहीतर वरचे म्हणतील, पकडली गेली तेव्हा बरा आजार आठवला. कागद आला नाही तर हा शब्द राहील. या शब्दावर नोकरी जाते, तुला माहीत आहे."

धाकटीला ते माहीत होतं. दुसरं काम तिला येत नव्हतं आणि दुसरं कुठलं तिला आवडलंही नसतं.

मनोविकाराच्या डॉक्टर बाई वयाने तिच्याएवढ्याच होत्या. वडील सोबत आले होते. एकतीस वर्षं बॉयलरवर काम केलेला माणूस, अजून शर्टाच्या खिशात छोटी वही बाळगणारा. दर तासाला पाण्याची पातळी आणि वाफेचा दाब लिहायची सवय निवृत्तीनंतर रक्तदाबावर आली होती.

डॉक्टरांनी धाकटीला दीड तास विचारलं. मग वडिलांकडे वळल्या.

"तुमच्या घरात आणखी कोणाला असा त्रास? बहीण, भाऊ, आईवडील?"

"नाही," वडील म्हणाले. "आमच्यात असलं काही नाही."

उत्तर जरा लवकरच आलं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"मेंदूत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा असते," त्या म्हणाल्या. "खात्री झाली की ती शांत व्हायला हवी. यांची होत नाही. डोळ्यांना बारा दिसतात आणि आत घंटा वाजतच राहते."

"घंटा हवीच हो. आमच्या बॉयलरवर नसती तर आज तुमच्यापुढे बसलो नसतो."

"आणि एकदा वाजली ती थांबलीच नसती तर?"

वडिलांनी विचार केला. "तर आम्ही तिची वायर कापली असती."

"इथे वायर कापता येत नाही. गोळ्यांनी आवाज थोडा खाली येईल. बाकीचं सरावाने. घंटा वाजू द्यायची आणि उठायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी या तुम्हाला काही विचारतात का?"

विचारत असे. रोज संध्याकाळी. "बाबा, गॅस बंद आहे ना?" वडील म्हणत, "बंद!" पाच मिनिटांनी पुन्हा. नळ, इस्त्री, दार. ते न कंटाळता उत्तर देत. आपण मुलीला मदत करतो, असं त्यांना वाटे.

"आजपासून तुम्ही म्हणायचं, माहीत नाही."

"अहो, पण मला माहीत असतं!"

"तरी."

"म्हणजे खोटं बोलू?"

"बरं, मग म्हणा, सांगणार नाही. उत्तर मिळालं की त्यांना दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला आजार आणखी पक्का होतो."

पहिली संध्याकाळ वाईट गेली. सातच्या सुमारास धाकटीने विचारलं. वडील म्हणाले, "माहीत नाही." ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा विचारलं. "माहीत नाही." चौथ्यांदा तिचा आवाज चिरकला. "बाबा, एकदाच सांगा. एकदाच. नंतर नाही विचारणार." नवव्यांदा ती जमिनीवर बसली. वडील उठले, गॅसपाशी गेले आणि तिथूनच ओरडले, "बंद! बंद आहे गं बाळ, बंद!"

तो आवाज त्यांनी स्वतःच ऐकला आणि ते ओट्याला धरून उभे राहिले.

हा खेळ त्यांनीच लावला होता. मुली लहान असताना जेवणाआधी ते घरात फेरी मारत, बॉयलरघरात मारत तशी. धाकटी बोट धरून बरोबर असे. गॅसपाशी थांबायचं, ती ओरडायची, "बंद!" नळापाशी, "बंद!" दाराच्या कडीपाशी, "बंद!" एखादी वस्तू राहिली तर ते मुद्दाम विचारत, "आणि घराला आग लागली तर कोण जबाबदार?" ती म्हणायची, "मी!" सगळे हसत. थोरलीने तिसऱ्याच दिवशी कंटाळून खेळ सोडला होता. धाकटी अकरा वर्षांची होईपर्यंत रोज आली.

ते बाहेर आले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

"कडीकाका आठवतो?"

"मी बघितलेच नाहीत त्यांना. नुसता फोटो पाहिलाय."

"मी डॉक्टरांशी खोटं बोललो."

त्यांचा धाकटा भाऊ. दाराची कडी लागली का, हे बघायला रस्त्याच्या टोकावरून परत येणारा. कडीकाका हे नाव त्यांनीच ठेवलं होतं आणि गल्लीने ते उचललं होतं. कामावर वेळेत पोचता येईना म्हणून त्याच्या तीन नोकऱ्या गेल्या.

"मला वाटायचं, नाटकं आहेत," वडील म्हणाले. "एकदा मी पान्हा आणि पेचकस घेतला आणि त्याच्या खोलीची कडीच काढून टाकली. म्हटलं, कडी नाही तर कटकट नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर दाराला पाठ लावून बसलेला. झोपलाच नव्हता. चार दिवस तसा बसला. मग मी कडी परत लावून दिली. लावताना तो मला म्हणाला, दादा, घट्ट झाली का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. हसलो."

धाकटी म्हणाली, "हे डॉक्टरांना सांगाल?"

त्यांनी सांगितलं. खिशातली वही काढून, सालांसकट. भाऊ, तीन नोकऱ्या, कडी, आणि मग न विचारता घरातली फेरीही. सांगून झाल्यावर म्हणाले, "आता एकच सांगा. रक्तातून आलं की मी शिकवलं?"

"वेगळं काढून सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरात एकाला असला की दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते, पण प्रत्येकाला होत नाही. फेरी दोघी मुलींना शिकवलीत, एकीने सोडून दिली. नुसत्या फेरीने हा आजार होतो, असं मी म्हणणार नाही. ज्याच्यात तो मुळात आहे, त्याला अशी शिस्त चिकटून बसू शकते. मग आईचा मृत्यू, त्यात काम असं की चूक झाली तर माणसाच्या जिवावर."

"टक्क्यांत सांगा ना काहीतरी."

"नाही सांगता येणार."

वडिलांनी वही मिटली. "म्हणजे वाफ पाण्याची की आगीची, असं विचारण्यासारखं आहे."

"साधारण तसंच. पाणी बदलता येत नाही. आग कमी करता येते."

त्यांनी कागद लिहून दिला. आजाराचं नाव, लहानपणापासूनची लक्षणं, काकांची माहिती, आणि उपचार सुरू असल्याचं. मोठ्या सिस्टरांनी तो दोनदा वाचला आणि खणातला अहवाल काढून शब्दावर काट मारली. "सहा आठवडे धुण्याच्या बाजूला काम कर. मग मांडणीच्या टेबलावर एक ट्रे देईन, मी समोर उभी राहीन. तो पुन्हा उघडलास तर माझ्या हातात काही उरणार नाही."

ते सहा आठवडे काही सरळ गेले नाहीत. गोळ्यांनी पहिले पंधरा दिवस मळमळलं. संध्याकाळच्या प्रश्नांची संख्या वडील वहीत लिहीत होते. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. "तुम्हीसुद्धा," त्या म्हणाल्या. वडील दोन दिवस रुसले. चौथ्या आठवड्यात धाकटीने एकदाच विचारलं आणि पाचव्यात पुन्हा आठ वेळा.

ठरलेल्या सोमवारी सकाळी तिने चिमटे मोजले. बारा. जोडीदारणीने सही केली. कापडाच्या घड्या, पट्टी. पट्टी दाबतानाच ते आलं. अकरा. एक ट्रेच्या कडेला राहिला असेल. तिने ट्रेच्या कडेकडे पाहिलं नाही. मोठ्या सिस्टर तीन पावलांवर उभ्या होत्या.

"काय झालं?"

"वाजतंय, सिस्टर."

"मग?"

"वाजू दे."

तिने पाकीट यंत्रात ठेवलं आणि दार लावलं. पाकीट बाहेर यायला पन्नास मिनिटं लागली. ती यंत्रापाशी उभी होती, चिरलेले हात ॲप्रनच्या खिशात घालून. पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या होत्या. तिने पाकीट थंड होऊ दिलं, उचललं, फळीवर ठेवलं आणि मागे फिरली. दाराशी तिची पावलं अडली. मग ती बाहेर पडली.

"उद्या सातला टेबलावर," मागून आवाज आला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा वडील दारातच उभे होते. तासभर तरी असावेत.

"जमलं?"

"ठेवला फळीवर. उघडला नाही."

"शाब्बास." त्यांनी तिची पिशवी घेतली, दोन पावलं चालले आणि वळले. "पण बारा होते ना गं?"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तिला वाटलं, फोटोतल्या काकांचं कपाळ असंच होतं.

"माहीत नाही, बाबा."

त्यांचा हात सवयीने खिशातल्या वहीकडे गेला आणि तिथेच राहिला. ती आत जाऊन खुर्चीत बसली आणि शेजारची खुर्ची तिने पायाने पुढे सरकवली. सात वाजायला आले होते. वडील येऊन बसले. स्वयंपाकघराचं दार समोरच होतं, अर्धवट उघडं. दोघं तिकडे बघत बसून राहिले.